रेल्वेचा एअर ब्रेक

रेल्वेचा एअर ब्रेक : दाबाखालच्या हवेच्या साहाय्याने आगगाडीच्या सगळ्या डब्यांची चाके इंजिनातून एकाच वेळी रोखण्याची योजना. ब्रेकला ‘गतिरोधक’ असा मराठी प्रतिशब्द आहे, पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याने केव्हाच बळकावला. रेल्वेत सगळे ब्रेकच म्हणतात. नावावरून वाटते की चालकाने हँडल फिरवले की हवा डब्यांकडे धावत जाते आणि चाके आवळते. प्रत्यक्षात उलटे आहे. गाडीभर गेलेल्या नळीत हवा भरलेली असते तोवर ब्रेक सुटलेले राहतात. ती हवा बाहेर सोडली किंवा नळी तुटली की ते लागतात. गाडी चालायची तर हवा टिकवून धरावी लागते, थांबायला काहीच लागत नाही, या एका उलथापालथीत या यंत्रणेचे सगळे महत्त्व आहे. तिच्या मर्यादाही तिथूनच सुरू होतात, आणि त्यांची चर्चा मात्र कमी होते.

आगगाडी थांबवणे मुळातच अवघड. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. घर्षण इतके कमी, म्हणूनच एक इंजिन हजारो टन ओढू शकते. पण थांबताना तोच गुण आडवा येतो. कोरड्या रस्त्यावर रबरी टायरची जी पकड असते तिच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी पकड चाक आणि रूळ यांच्यात मिळते, आणि रूळ ओले किंवा तेलकट असले की त्याहूनही कमी. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १,००० टनांच्या गाडीत २० कोटी जूल गतिज ऊर्जा असते. सुमारे ६०० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येईल एवढी ही उष्णता, आणि गाडी थांबेपर्यंत ती ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांतच मुरवावी लागते. लांब उतारावर ठोकळ्यांचा करपट वास येतो तो यामुळे.

जास्त जोर लावून चाक जागीच जखडून टाकावे, हाही उपाय नव्हे. १८७८ साली ब्रिटिश अभियंते डग्लस गॅल्टन यांनी एअर ब्रेकचे जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या सहकार्याने इंग्लंडमध्ये धावत्या गाडीवर प्रयोग केले. चाक फिरत असते तोवर रुळाची पकड चांगली मिळते, ते जखडून घसरू लागले की पकड झपाट्याने घटते, असे त्यांत दिसून आले. मोटारगाड्यांतली चाक न जखडणारी ब्रेकयंत्रणा याच तत्त्वावर चालते. जखडलेले चाक रुळावर घासत गेले की एका जागी चपटे होते. डबा जवळून जाताना चाकाच्या प्रत्येक फेरीला एक असा ठरावीक ठक-ठक-ठक आवाज आला, तर ते असेच सपाट पडलेले चाक समजावे.

छपरावरची माणसे

एअर ब्रेक येण्यापूर्वी गाडी हातांनी थांबवत. इंजिनाला ब्रेक असे, शेवटच्या डब्यात गार्डकडे एक असे, आणि मधल्या काही डब्यांवर ब्रेकमन नेमलेले असत. अमेरिकेत मालगाड्यांचे ब्रेकमन डब्यांच्या छपरांवर असत. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक उभा दांडा आणि त्यावर आडवे लोखंडी चाक. ते फिरवले की खाली साखळी आवळली जाऊन ठोकळे चाकांना भिडत. चालकाची शिटी झाली की ब्रेकमनने छपरावरच्या अरुंद फळीवरून धावायचे, ते चाक काठी घालून आवळायचे, मधल्या फटीवरून पुढच्या डब्यावर उडी मारायची आणि पुढचे चाक धरायचे. रात्र असो, पाऊस असो, फळीवर बर्फ साचलेले असो, काम तेच. रुळांवर ठेंगणा पूल येण्याआधी दोऱ्यांची एक झालर आडवी टांगलेली असे. अंधारात तोंडावर दोऱ्या फटाफट लागल्या की ब्रेकमनने लगेच आडवे पडायचे. पुढच्या काही क्षणांत डोक्यावरून पूल जात असे. किती जण वेळेत आडवे पडले नाहीत, हे त्या झालरींच्या गरजेवरूनच ओळखावे.

या पद्धतीत गाडीची लांबी आणि वेग दोन्ही माणसांच्या पायांवर अवलंबून होते. इंजिने बलवान होत गेली, गाड्या लांबल्या, पण थांबण्याची ताकद जिथल्या तिथे राहिली.

वेस्टिंगहाउस आणि तिहेरी झडप

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये एअर ब्रेकचे पहिले पेटंट घेतले तेव्हा त्यांचे वय २२ होते. आल्प्स पर्वतात माँ सेनीचा बोगदा खोदताना दाबाखालची हवा लांबवर नेऊन तिच्यावर खडक फोडण्याची यंत्रे चालवतात, हे त्यांनी एका मासिकात वाचले आणि हवेची कल्पना तिथून सुचली, असे त्यांच्याबद्दल सांगतात. पहिल्याच चाचणीच्या फेरीत फाटकावर एक घोडागाडी आडवी आली आणि चालकाने गाडी तिच्या अलीकडे थांबवली, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. शोधांच्या इतिहासात असे सोयीचे प्रसंग फार सापडतात, तेव्हा ती बेतानेच घ्यावी.

हा पहिला ब्रेक मात्र सरळ विचाराचा होता, म्हणून चुकीचा होता. इंजिनावर टाकी, तिथून गाडीभर नळी आणि प्रत्येक डब्याखाली एक सिलिंडर. चालकाने हवा सोडली की ती सिलिंडरांत शिरून ठोकळे दाबी. यात दोन दोष होते. पुढच्या डब्यांना हवा आधी पोचे, मागच्यांना उशिरा, त्यामुळे मागचे डबे पुढच्यांवर आदळत. दुसरा दोष जिवावरचा : नळी कुठे फुटली किंवा डबे तुटून वेगळे झाले की ब्रेक पूर्ण निकामी. त्यांची गरज नेमकी तेव्हाच सगळ्यांत जास्त असे.

१८७२ च्या सुमारास वेस्टिंगहाउस यांनी सगळी मांडणीच उलटी केली. प्रत्येक डब्याखाली सिलिंडरच्या जोडीला स्वतंत्र छोटी टाकी बसवली आणि नळी, टाकी, सिलिंडर या तिघांच्या मध्ये एक झडप. तीच तिहेरी झडप, कारखान्यातल्या बोलीत ट्रिपल व्हॉल्व्ह. तिची कामेही तीनच. नळीतला दाब वाढला की ती टाकी भरून घेते आणि सिलिंडरातली हवा बाहेर सोडून ब्रेक सैल करते. नळीतला दाब टाकीपेक्षा कमी झाला की तिच्यातला दट्ट्या सरकतो आणि टाकीतली हवा सिलिंडरात जाऊन ब्रेक लागतो. दोन्ही दाब सारखे झाले की ती आहे तिथे थांबते. झडपेला वीज लागत नाही की माणूस लागत नाही. दोन बाजूंचा दाब तोलत ती बसलेली असते. आता नळी तुटणे हाच ब्रेक लावण्याचा हुकूम ठरला. गाडीचे दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

दोन डबे जोडताना हे जवळून पाहायला मिळते. दोन्हींकडून आलेल्या रबरी होजची धातूची तोंडे एकमेकांत अडकवतात, हातात हात गुंतवल्यासारखी. मग दोन्ही बाजूंचे अँगल कॉक, म्हणजे नळीच्या टोकाच्या हवेच्या तोट्या, उघडायचे : हँडल बहुधा पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवे म्हणजे बंद. हवा पुढे सरकते तसा फुस्सकन आवाज होतो आणि होज ताठ होतो. सुटताना कॉक बंद न करताच होज ओढला, तर तो सापासारखा फटका मारतो. यार्डात काम केलेल्याला तो फटका एकदा तरी बसलेला असतो.

आर्मा, १८८९

योजना तयार असणे आणि ती गाड्यांखाली बसणे यांत बराच काळ गेला. ब्रिटनमध्ये अनेक कंपन्यांनी हवेऐवजी निर्वात ब्रेक पसंत केला. त्यात नळीतली हवा काढून घेतात आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब काम करतो. वातावरणाचा दाब एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून सिलिंडर मोठे लागतात. पण योजना साधी आणि देखभालीला सोपी होती. निर्वात ब्रेकचेही दोन प्रकार होते. एकात निर्वात बिघडली की ब्रेक लागत, दुसऱ्यात निर्वात बिघडली की ब्रेक जात. दुसरा स्वस्त होता.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा येथून रविवारच्या शाळेच्या मुलांची सहलीची गाडी निघाली. तिच्यात ९०० हून अधिक प्रवासी होते आणि ब्रेक दुसऱ्या, स्वस्त प्रकारचा होता. चढावर इंजिन दमले आणि गाडी थांबली. पुढचे काही डबे आधी वर नेऊन ठेवावेत आणि उरलेल्यांसाठी परत यावे, असे ठरले. डबे सोडवताच मागच्या भागाच्या नळीत निर्वात उरली नाही आणि ब्रेकही उरला नाही. तो भाग मागच्या डब्यातल्या गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांमागे ठेवलेल्या दगडांवर उभा होता. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, त्याचा धक्का बसला आणि दगड चुरडले गेले. दहा डबे उतारावरून उलटे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. ८० जण मेले, त्यांत मुले बरीच होती.

तिहेरी झडप तेव्हा सतरा वर्षांची झाली होती. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. वर्षानुवर्षे सूचना होत होत्या, कंपन्यांकडून उत्तरे येत होती, काम मात्र एका सकाळने केले. अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने एअर ब्रेक आणि स्वयंचलित जोडणी सक्तीची केली. तिथल्या जुन्या जोडणीत डब्यांच्या मध्ये उभे राहून हाताने खिळा घालावा लागे, आणि ब्रेकमन अनुभवी आहे की नाही हे त्याची बोटे किती शिल्लक आहेत त्यावरून कळते, असे तेव्हा म्हणत. विनोद म्हणून सांगितले जाई, पण त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

लांबीचे गणित

नळीतून जाणारा निरोप हवेच्या लाटेने जातो, म्हणून तो ध्वनीपेक्षा वेगाने जाऊच शकत नाही. दीड किलोमीटर लांबीच्या मालगाडीत चालकाने ब्रेक लावल्यावर शेवटच्या वॅगनला ते कळायला निदान चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पुढचा भाग मंदावतो, मागचा मंदावत नाही, आणि सगळी गाडी आतल्या आत आवळली जाते. १८८६-८७ मध्ये अमेरिकेत बर्लिंग्टन येथे ५० वॅगनांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या, तेव्हा मागच्या वॅगनांतली माणसे अक्षरशः फेकली गेली. वेस्टिंगहाउस यांनी झडपेत बदल केला : निरोप मिळताच प्रत्येक झडपेने जवळच्या नळीतली हवा आपणच थोडी बाहेर सोडायची, म्हणजे निरोप पुढे रेटला जातो. अनेक प्रवासी गाड्यांत आता विजेच्या तारेने सगळ्या डब्यांना एकाच क्षणी निरोप देण्याची सोय असते. तरी तारेखाली तीच हवेची नळी असते.

आणखी एक अडचण उताराची. ब्रेक पुन्हा पुन्हा लावून सोडला तर टाक्या भरायला वेळच मिळत नाही, आणि एक वेळ अशी येते की हँडल फिरते पण मागे हवाच उरलेली नसते. जुन्या तिहेरी झडपेत ब्रेक थोडासा सैल करण्याची सोयही नव्हती. सोडला की पूर्ण सुटे. घाट उतरणाऱ्या चालकाचे कसब हवा किती आहे याचा हिशेब डोक्यात ठेवण्यात असते. ब्रेक थोडा थोडा सैल करू देणाऱ्या नंतरच्या डिस्ट्रिब्युटर झडपांनी हे पुष्कळ सोपे केले.

कॉक आणि गळती

नळी तुटली तर गाडी थांबते, पण नळी मध्येच बंद झाली तर? बंद कॉकच्या मागच्या डब्यांत दाब टिकून राहतो, त्यांना चालकाचा निरोप कळतच नाही आणि ते आनंदाने ढकलत राहतात. १५ जानेवारी १९५३ रोजी वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात एक प्रवासी गाडी अशीच थांब्याच्या पलीकडे शिरली. इंजिन फलाटावरून थेट दालनात घुसले आणि फरशी खचून खाली गेले. सिग्नलमनने आधी कळवल्यामुळे जागा रिकामी झाली होती आणि कोणीही मेले नाही.

२७ जून १९८८ रोजी पॅरिसच्या गार द लिऑं स्थानकात तसे झाले नाही. एका प्रवाशाने वाटेत धोक्याचा ब्रेक ओढला. ब्रेक पूर्ववत करताना चालकाच्या हातून पहिल्या दोन डब्यांमधला कॉक बंद झाला. मागचे ब्रेक सुटेनात, तेव्हा हवा कुठेतरी अडकली असावी असे समजून त्याने मागच्या डब्यांच्या सिलिंडरांतली हवा मोकळी केली. ब्रेक सुटले आणि गाडी निघाली. पण आता ब्रेक लागत होते ते पहिल्या डब्याचेच. पुढे स्थानकापर्यंत उतार होता. ५६ माणसे मेली. म्हणून गाडी जोडल्यावर शेवटच्या डब्यात दाब खरोखर घटतो का, हे पाहिल्याशिवाय तिला सोडत नाहीत. दाबमापी शेवटी का बसवायचा, याचे उत्तर इथे आहे.

दुसरी उणीव जास्त गुपचूप आहे. ब्रेक लागलेला राहतो तो टाकीतल्या हवेवर, आणि हवा गळते. नळी एकदम तुटली तर झडपेला कळते; थेंबाथेंबाने गळणाऱ्या दाबाची तिला दखलच लागत नाही. मालमोटारीचा उभा करण्याचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो, म्हणून हवा गेली तरी तो घट्टच राहतो. बऱ्याच इंजिनांना आणि प्रवासी डब्यांना आता तसा ब्रेक असतो. मालगाडीची वॅगन मात्र रात्रभर उभी करायची तर अजूनही हातब्रेक लागतो, छपरावरच्या त्या ब्रेकमनच्याच चाकाचा वंशज.

५ जुलै २०१३ च्या रात्री कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी उतारावर उभी होती. वॅगनांचे स्वयंचलित ब्रेक लावलेले नव्हते. गाडी इंजिनांच्या स्वतंत्र एअर ब्रेकवर आणि सात हातब्रेकवर होती. हवा भरत राहावी म्हणून एक इंजिन चालू ठेवले होते. त्याला आग लागली, आग विझवताना ते बंद केले आणि दाब हळूहळू उतरत गेला. तासाभराने गाडी आपणहून निघाली आणि लाक-मेगांटिक गावात ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने रुळांवरून उतरून पेटली. ४७ माणसे मेली. हातब्रेक पुरेसे आहेत का हे पाहण्यासाठी गाडी इंजिनाने ढकलून बघतात, आणि त्या संध्याकाळी ते केलेही होते. पण ढकलताना इंजिनांचा एअर ब्रेक सोडलेला नव्हता. गाडी हलली नाही, ती हवेमुळे. श्रेय मिळाले हातब्रेकना.