फुगा फुगला की वजन का घटतं?

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळांमधून विज्ञान प्रदर्शनं लागतात आणि त्यात एक टेबल हमखास असतं. बाटलीत व्हिनेगर, बाटलीच्या तोंडावर फुगा ताणून बसवलेला, फुग्यात खायचा सोडा. फुगा सरळ उभा धरला की सोडा खाली पडतो, फसफस होते, फुगा टम्म फुगतो आणि मागच्या चार्टवर स्केचपेनने लिहिलेलं असतं, द्रव्य अक्षय्यतेचा नियम. म्हणजे रासायनिक अभिक्रियेत वस्तुमान वाढत नाही, कमीही होत नाही.

पूर्वी हे सगळं सुखात चालायचं कारण काटाच ढोबळ असायचा, ग्रॅम-दीड ग्रॅम इकडे तिकडे झालं तरी पत्ता लागायचा नाही. आता सोन्याचं वजन करायचा खिशात मावणारा डिजिटल काटा कुणीही ऑनलाइन मागवतो, त्यावर ही बाटली ठेवली की फुगा फुगता फुगता आकडा सरळ खाली घसरताना दिसतो, साधारण सव्वा ग्रॅम. मुलं विचारतात, सर, वजन कमी झालं की. सर म्हणतात, गॅस लीक झाला असेल, रबरबँड घट्ट लावा. मुलं पाच रबरबँड लावतात, तरी सव्वा ग्रॅम गायबच. शेवटी चार्टवर 'प्रायोगिक त्रुटी' असं लिहून विषय संपतो, आणि मला याचाच राग येतो, कारण गॅस कुठेही गेलेला नसतो, बिचारा सगळा फुग्यात बसलेला असतो!

हिशेब मांडून बघू. ४.२ ग्रॅम खायचा सोडा घेतला (सपाट चमच्याच्या आसपास) आणि व्हिनेगर भरपूर, समजा १०० मिली. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आपल्या ४.२ ग्रॅममधून २.२ ग्रॅम. आपल्याकडच्या तापमानाला हा गॅस जागा घेतो सव्वा लिटरच्या आसपास. त्यातला थोडा पाण्यातच विरघळून राहतो, बाकीच्यामुळे फुगा एक लिटरच्या थोडा वर फुगतो. आता फुगा फुगला म्हणजे काय झालं? आधी त्या जागेत हवा होती, ती बाजूला सरकली. एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम असतं. आर्किमिडीजचं तत्त्व आपण पाण्याच्या बादलीसाठी पाठ करतो, पण ते हवेलाही तसंच लागू आहे, जितकी हवा बाजूला सारली तितक्या हवेच्या वजनाएवढं प्लावक बल वस्तूला खालून वर ढकलतं. फुगा एक लिटरने मोठा झाला की बाटली १.२ ग्रॅमने वर उचलली जाते आणि काट्यावरचा दाब तेवढा कमी होतो. काटा वस्तुमान मोजतच नाही हो, तो फक्त त्याच्यावर पडणारा भार मोजतो आणि आकडा ग्रॅममध्ये लिहून दाखवतो, गडबड तिथे आहे.

पटत नसेल तर अगदी साधी गोष्ट करून बघा. एक पातळ प्लास्टिकची पिशवी चुरगळून काट्यावर ठेवा, आकडा लिहून घ्या. मग तीच पिशवी हवेत फिरवून भरा, तोंडाला गाठ मारा, परत ठेवा. आत दोन-तीन लिटर हवा आहे म्हणजे अडीच-तीन ग्रॅम वाढायला हवेत, पण आकडा जवळजवळ तोच येतो, कारण जितकी हवा आत आली तितकीच बाहेरून सरकली. 'हवेला वजन असतं' म्हणून दोन फुगे काठीला बांधून दाखवतात ना, तो प्रयोगसुद्धा जमतो तो रबराने आतली हवा किंचित दाबून धरलेली असते म्हणून. आत बाहेरच्यापेक्षा जी थोडी जास्त घट्ट हवा असते तेवढाच फरक दिसतो, आतल्या हवेचं पूर्ण वजन दिसत नाही.

आणि ही भानगड फक्त शाळेतली नाही. हान्स लँडोल्ट नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाच नियम तपासत कित्येक वर्षं बसले होते. दोन पायांची काचेची नळी, एका पायात एक द्रावण, दुसऱ्यात दुसरं, तोंडं वितळवून बंद. नळी आधी तोलायची, मग कलती करून द्रावणं मिसळायची, परत तोलायची. लीक व्हायचा प्रश्नच नाही, तरी सुरुवातीला वजन अगदी किंचित कमी भरत होतं! शेवटी कारण निघालं ते असं की अभिक्रियेच्या उष्णतेने काच जराशी फुगते आणि मूळ आकाराला यायला बराच वेळ घेते, तोवर ती जास्त हवा सारते, शिवाय काचेच्या बाहेरून चिकटलेला ओलाव्याचा पातळ थर उष्णतेने उडून जातो. नळी नीट पूर्ववत होईपर्यंत थांबून तोललं तेव्हा फरक गेला आणि १९०८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मोजता येण्याजोगा बदल होत नाही. म्हणजे आपल्या फुग्याचीच गोष्ट, फक्त फुगा काचेचा आणि फुगणं डोळ्याला न दिसणारं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९०७ मध्ये, अमेरिकेत डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणाऱ्या सहा रुग्णांना पलंगासकट काट्यावर ठेवून आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असल्याचं सांगितलं. तो आकडा एकाच रुग्णाचा, बाकीच्यांचे एकमेकांशी जुळत नव्हते. माणूस नुसता पडून राहिला तरी श्वासातून आणि त्वचेतून तासाला ३०-४० ग्रॅम पाणी उडतं, हे उघडं भांडं आहे, बंद नळी नव्हे. पण लँडोल्ट कुणाला माहीत नाही आणि २१ ग्रॅम अजून व्हॉट्सॲपवर फिरतंय. हवेतून अंगारा काढणाऱ्या बाबांनाही माझं एवढंच म्हणणं आहे की आधी काट्यावर उभे राहा, मग काढा.

कुणी आइनस्टाइन काढेल म्हणून सांगून टाकतो, हो, उष्णता बाहेर गेली की वस्तुमान घटतं, पण १६ ग्रॅम मिथेन जाळल्यावर ही घट येते सुमारे १० नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा कोटींतला एक भाग. तुमच्या काट्याला ते सात जन्मात दिसणार नाही.

मग वर्गात काय करायचं? भानगडच नको असेल तर गॅस न निघणारी अभिक्रिया घ्या. शंकूपात्रात सोडियम सल्फेटचं द्रावण, दोऱ्याने टांगलेल्या छोट्या परीक्षानळीत कॅल्शियम क्लोराइडचं, बूच लावून तिरकं करायचं, पांढरा अवक्षेप येतो आणि आकडा हलत नाही. मोरचूद आणि धुण्याचा सोडा घेतला तर रंग छान येतो पण थोडे बुडबुडेही येतात, तेव्हा बूच घट्ट हवं. फुग्याचा प्रयोग मात्र काचेची बाटली बुचाने बंद करून कुणी करू नका, फुटेल.

मी असतो तर फुगाच ठेवला असता, फक्त शेजारी एक दोरा ठेवला असता. फुगलेल्या फुग्याभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. ४० सेंटिमीटर आला तर गोल धरून आकारमान निघतं १.०८ लिटर, त्याला १.२ ने गुणलं की सुमारे १.३ ग्रॅम. काट्यावर घटलेला आकडा याच्या जवळपास आला तर गॅस सगळा आत आहे. आणि फुगा फुगायचा थांबल्यावरही आकडा खाली खाली जातच राहिला तर सर बरोबर, लीक आहे, रबरबँड बदला.