वन्य प्राण्यांवरील विषप्रयोगाचे नियमन

पिके, पाळीव जनावरे, साठवलेले धान्य किंवा स्थानिक जीवसृष्टी यांना उपद्रव देणाऱ्या वन्य प्राण्यांना विष घालून मारण्यावर कायद्याने घातलेली बंधने. कोणते विष, कोणत्या प्राण्यासाठी, कोणी आणि कशा रीतीने ठेवावे, हे त्यांत ठरवलेले असते. गोळी, सापळे व कुंपण यांचा विचार येथे केलेला नाही.

भारतीय वाङ्मयातील एक जुना उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, आपत्तिनिवारणाच्या प्रकरणात आहे. श्वापदांचे भय असल्यास मदनरस मिसळलेली जनावरांची प्रेते किंवा मदन व कोद्रव (हरीक) भरलेली आतडी टाकावीत, उंदरांसाठी स्नुहीच्या (थोराच्या) चिकाने माखलेले धान्य पसरावे, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. ग्रंथाचे संपादक व अनुवादक कंगले यांनी तो मौर्यकाळातील मानला. ऑलिव्हेल यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांचा कल सध्याची संहिता इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाली असे मानण्याकडे आहे, आणि संहितेतील वेगवेगळे थर पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. मदन म्हणजे गेळ हे झाड की धोत्रा, हाही वादाचा विषय आहे. गेळफळ वांतिकारक असल्याने ते आमिषात घालण्याचे प्रयोजन नीटसे लागत नाही. शिवाय लगेच पुढे शस्त्रधाऱ्यांनी श्वापदांना ठार करावे असे सांगितलेले असल्याने येथे मारक विषापेक्षा गुंगी आणणारे द्रव्य अभिप्रेत असावे. उंदरांवर सोडलेल्या मांजर-मुंगसांना पकडणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास १२ पण (तत्कालीन नाणे) दंड आहे. विष ठेवणाऱ्यावर मात्र या प्रकरणात बंधन दिसत नाही.

१८१८ मध्ये स्ट्रिक्नीन (कुचल्यातील अल्कलॉइड) वेगळे करण्यात आले आणि पुढे ते सहज मिळू लागल्यावर मांसात भरून लांडग्यांसाठी ठेवण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत रूढ झाली. अशा मांसावर कोल्हे, कुत्री व गरुडही येत. ब्रिटनमधील १९११ च्या प्राणिसंरक्षण कायद्याने जमिनीवर विष ठेवणे हा गुन्हा ठरवला. उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांसाठी सूट ठेवली, पण पाळीव जनावरे व पक्षी तेथे पोचणार नाहीत याची खबरदारी घेण्याच्या अटीवर. १९६२ च्या कायद्याने मृत्यूच्या यातना हा स्वतंत्र निकष आणला आणि पुढील वर्षीच्या नियमांनी सस्तन प्राण्यांवर पिवळ्या फॉस्फरसचा वापर थांबवला. स्ट्रिक्नीनला केवळ चिचुंदरीसदृश मोल या प्राण्यापुरती मुभा राहिली. अमेरिकेत फेब्रुवारी १९७२ च्या अध्यक्षीय आदेशाने संघराज्याच्या जमिनींवर भक्षक प्राण्यांसाठी विष वापरण्यास बंदी झाली. ही बंदी पुढे शिथिल होत गेली. युरोपातील वन्यजीव संरक्षणासाठीच्या १९७९ च्या बर्न कराराने विष व विषारी आमिषे निषिद्ध साधनांच्या यादीत घातली.

केवळ विषाचे नाव यादीत घालून प्रश्न सुटत नाही, हे कृंतकनाशकांच्या (उंदीर-घुशींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांना मारणाऱ्या विषांच्या) बाबतीत विशेष स्पष्ट होते. झिंक फॉस्फाइडपासून जठरातील आम्लामुळे फॉस्फीन वायू सुटतो व प्राणी काही तासांत मरतो. थोडेसे खाऊन आजारी पडलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही, म्हणून आधी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवून त्याला सवय लावतात. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरीनने (१९४८ च्या सुमारास वापरात) ही अडचण दूर केली, कारण परिणाम उशिरा होतो. परंतु १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर आढळले. त्यावर उपाय म्हणून आलेली ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफाकूम ही दुसऱ्या पिढीची द्रव्ये आमिषात अवघी ०.००५ टक्के असली तरी पुरतात, मात्र ती यकृतात महिनोन्‌महिने टिकतात. खाल्ल्यानंतरही उंदीर काही दिवस हिंडतो, खातच राहतो, मंद होतो आणि उघड्यावर येतो. घुबडाच्या तावडीत सापडतो तो नेमका अशा वेळी. या दुय्यम विषबाधेमुळे कुलूपबंद आमिषपेट्या, ठरावीक मुदतीचाच वापर, मेलेले उंदीर गोळा करून पुरणे व प्रशिक्षित व्यक्तींनाच विक्री, अशा अटी अनेक देशांत आल्या. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून या द्रव्यांचा बहुतांश वापर बंद केला.

निवडकपणाचे एक टोक म्हणजे अमेरिकेत १९८५ मध्ये मान्य झालेला मेंढीच्या गळ्यातील रबरी पट्टा. त्यातील सोडियम फ्लुओरोॲसिटेट (‘१०८०’) गळा धरणाऱ्या कायोटी या लांडग्यासारख्या प्राण्याच्याच तोंडात जाते. याच विषाचा न्यूझीलंड हा सर्वांत मोठा वापरकर्ता असून तेथे ते परदेशातून आलेल्या पोसम या झाडांवर राहणाऱ्या शिशुधानी (पोटाला पिशवी असलेल्या) प्राण्यावर हवाई मार्गानेही टाकले जाते. त्या देशात, वटवाघळांचा अपवाद सोडल्यास, मूळचे भूचर सस्तन प्राणी नाहीत, या भूगोलावर ही परवानगी बरीचशी उभी आहे. कुत्र्यांना हे विष फारच घातक असल्याने विरोधही तीव्र आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच विष घालणे अंतर्भूत आहे. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्यास ठरावीक क्षेत्रापुरते व मुदतीपुरते उपद्रवी घोषित करू शकते. कावळे, उंदीर, फलाहारी वटवाघळे इत्यादींची कायम यादी असलेली पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. कृंतकनाशकांची नोंदणी व विक्री यांवर मात्र १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाचे नियंत्रण आहे.