सांताक्रूझचा ४१.७ खरा कशावरून?

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. मुंबईच्या थंडीचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. पण तो आकडा चुकून वाचला गेला नसेल कशावरून? उत्तर कुलाब्याच्या नोंदवहीत आहे. त्याच दिवशी कुलाब्यात ११.७ अंश नोंदले गेले आणि तिथलाही तो आजवरचा नीचांक आहे. तापमापक वेगळे, वाचणारी माणसं वेगळी, दिवस मात्र तोच. आकड्यावर विश्वास बसतो तो अशा साक्षीमुळे. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला नोंदलेल्या कमाल ४१.७ अंशांबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो.

जगभरच्या केंद्रांमधून जमा झालेल्या कोट्यवधी नोंदींची अशी एकेक करून खातरजमा माणसांच्या हातून होणं अशक्य आहे. ते काम आता संगणकाकडे आहे, आणि माझ्या मते हवामानशास्त्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी चर्चा होणाऱ्या कामांपैकी ते एक आहे. मुंबई तापतेय का, किती तापतेय, हे ज्या आकड्यांवरून सांगायचं ते आकडेच कच्चे असतील, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

चुका होतात कशा, ते आधी पाहू. पाऱ्याच्या कमाल तापमापकात फुग्याजवळ नळी मुद्दाम चिंचोळी केलेली असते. पारा तापून वर चढतो, पण तिथून आपोआप खाली येत नाही, म्हणून दिवसभराचा उच्चांक टिकून राहतो. आकडा वहीत उतरवला की तापमापक झटकून पारा खाली आणायचा. ते झटकणं राहून गेलं आणि दुसरा दिवस थोडा थंड निघाला, तर वहीत कालचाच आकडा पुन्हा चढतो. वाचताना पाच किंवा दहा अंशांची गफलत होणं हीसुद्धा नेहमीची चूक. दशांश बरोबर वाचला जातो, मोठी रेघ चुकते. लिबियातल्या अल अझीझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेले ५८ अंश नव्वद वर्षं जागतिक उच्चांक म्हणून पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ती नोंद रद्द केली. नवख्या निरीक्षकाने तापमापकातल्या दर्शक कांडीचं भलतंच टोक वाचलं असावं, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

स्वयंचलित केंद्रं आली म्हणून हा प्रश्न सुटलेला नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. त्या दिवशी दिल्लीतल्या इतर केंद्रांचे आकडे ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान होते. हवामान विभागाने तपासणी केली, तेव्हा तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं.

दैनंदिन नोंदींचा सर्वांत मोठा जागतिक संग्रह अमेरिकेत सांभाळला जातो, ‘ग्लोबल हिस्टॉरिकल क्लायमेटॉलॉजी नेटवर्क – डेली’ या नावाने. त्यात शिरणारा प्रत्येक आकडा एकोणीस चाचण्यांमधून जातो. काही चाचण्या अगदी साध्या आहेत: कमाल तापमान किमानापेक्षा कमी तर नाही ना, एका वर्षाचे आकडे दुसऱ्या वर्षाखाली जसेच्या तसे उतरवलेले तर नाहीत ना, सलग वीस नोंदी दशांशापर्यंत सारख्या तर नाहीत ना. कमाल आणि किमान दोन्ही उणे १७.८ असतील, तरी संगणक थांबतो. उणे १७.८ सेल्सिअस म्हणजे शून्य फॅरनहाइट. कुणीतरी रिकाम्या रकान्यात शून्य भरलं आणि पुढे त्याचं सेल्सिअस झालं, असा त्याचा माग लागतो.

खरा कस लागतो तो पुढच्या चाचण्यांमध्ये. आकडा त्या तारखेच्या आसपासच्या सरासरीपासून किती दूर आहे, हे प्रमाण विचलनात, म्हणजे आकडे सरासरीभोवती एरवी साधारण किती पसरतात त्या मापात, मोजतात. सहा प्रमाण विचलनं किंवा त्याहून दूर असेल, तरच तो संशयित ठरतो. मर्यादा इतकी सैल का, ते आपल्या मार्च महिन्यावरून कळतं. मार्चमध्ये सांताक्रूझचं कमाल तापमान साधारण ३३ अंशांच्या आसपास असतं. समजा प्रमाण विचलन दोन अंश आहे. मर्यादा तीन विचलनांची ठेवली, तर ३९ च्या वरचं सगळं संशयित. मग २८ मार्च १९५६ चे ४१.७ गेले, १७ मार्च २०११ चे ४१.६ गेले. उष्णतेच्या लाटांचा अभ्यास ज्या दिवसांवर उभा राहायचा, नेमके तेच दिवस बाद! सहाची मर्यादा ठेवली की रेषा ४५ वर जाते आणि हे विक्रम वाचतात. चुकीचे काही आकडे निसटले तरी चालतील, पण खरे आकडे मारले जाऊ नयेत, हा या संग्रहाच्या रचनाकारांचा निर्णय आहे आणि मला तो पूर्ण पटतो. शिवाय संशयित आकडा पुसत नाहीत. तो जागेवरच राहतो, शेजारी फक्त कोणत्या चाचणीत अडकला त्याचं एक अक्षर लागतं.

या सैलपणाची किंमत मुंबईला मात्र जास्त मोजावी लागते. आदल्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांपासून २५ अंशांनी वेगळा असलेला आकडा संशयित धरायचा, अशी एक चाचणी आहे. खंडांच्या आतल्या भागात ती कामाची. सांताक्रूझचा सर्वकालीन उच्चांक ४२.२ (१४ एप्रिल १९५२) आणि नीचांक ७.४, म्हणजे अख्ख्या इतिहासातलं अंतर पस्तीस अंशही नाही. इथे ३३ चे ३८ वाचले गेले, तर ती चाचणी काय पकडणार? शेजारच्या केंद्रांवरून अंदाज काढून पडताळणारी चाचणीही साधारण आठ अंशांच्या फरकाशिवाय बोट उचलत नाही.

आणि शेजारी तरी कोण? कुलाबा. तीन बाजूंनी समुद्र असलेलं टोक. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे वाहत असले की समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू होतात. रोज दुपारी लवकर पोहोचणारे हे वारे दोन-तीन तास लांबले की सांताक्रूझ चाळिशीकडे धावतं आणि कुलाबा काही अंश मागे राहतं. म्हणजे दोन केंद्रांमधला मोठा फरक इथे चूक झाल्याचा पुरावा ठरत नाही. बऱ्याचदा तो दिवस खरोखरच तापल्याची खूण असतो.

म्हणून मुंबईपुरती तरी तापमानाची परीक्षा वाऱ्याच्या नोंदीसोबत व्हायला हवी. वेधशाळेत दर तीन तासांनी निरीक्षण होतं. दुपारी अडीचची नोंद त्यातलीच. कमाल तापमान ४१ लिहिलं आहे, अडीच वाजता पूर्वेचा वारा आहे, आर्द्रता घसरलेली आहे आणि तापमापक ४० दाखवतोय, तर आकडा बिनधास्त ठेवावा. पण सकाळी अकरापासून पश्चिमेचा वारा आहे, अडीच वाजता ३४ अंश आहेत आणि तरीही कमाल ३९ लिहिलंय, तर मोठी रेघ चुकली असण्याचीच शक्यता जास्त. सहा विचलनांच्या चाचणीला हा दुसरा आकडा कधीच सापडणार नाही. दुपारच्या या दोन-तीन रकान्यांना तो लगेच सापडेल, आणि ते रकाने वेधशाळेच्या वह्यांमध्ये भरलेले आहेत.