व्हीईपी टेस्ट आली कुठून?

एका डोळ्याला अचानक धूसर दिसायला लागलं किंवा एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या नर्व्हचं आवरण खराब करणारा आजार) शंका आली की न्यूरोलॉजिस्ट बऱ्याचदा व्हीईपी (व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल, म्हणजे काही दिसल्यावर मेंदूत उठणारा विजेचा रिस्पॉन्स मोजणारी टेस्ट) लिहून देतात. डोक्याला मागे इलेक्ट्रोड चिकटवतात, एक डोळा झाकतात आणि स्क्रीनवर काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होणारे चौकोन बघत बसायचं, बास. पण एवढ्याशा टेस्टमागे जवळपास १०० वर्षांची खटपट आहे.

१८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडांच्या मेंदूतला करंट गॅल्व्हानोमीटरने मोजला, डोळ्यावर उजेड पाडला की तो बदलतो हेही त्यांना दिसलं. १९२९ ला जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांचा आलेख, छापला. तरी अडचण होतीच, कारण ईईजीच्या लाटा ५०-१०० मायक्रोव्होल्टपर्यंत जातात आणि डोळ्याकडून आलेला रिस्पॉन्स त्यापुढे अगदीच किरकोळ, तो त्यात बुडून जायचा.

तो वर काढला लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी. १९५१ मध्ये त्यांनी सरासरी काढणारं मशीन दाखवलं. त्यांचं काम हाताच्या नर्व्हवर होतं, डोळ्यावर नाही, पण युक्ती तीच: रिस्पॉन्स दरवेळी ठरलेल्या वेळी येतो, बाकी लाटा कशाही येतात, मग १०० वेळा मोजून सरासरी काढली की गोंगाट साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. मला तर सगळ्या इतिहासात हीच पायरी सगळ्यात मोठी वाटते.

सुरुवातीला लाइटचा फ्लॅश वापरायचे, पण त्याचा आलेख माणसागणिक फार बदलतो. चौकोनांचा मात्र बराच स्थिर येतो, साधारण १०० मिलीसेकंदांना एक ठळक शिखर, म्हणून नाव पी१००. १९७२ मध्ये लंडनमध्येच हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी ऑप्टिक न्यूरायटिसच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हला आलेली सूज) पेशंटमध्ये हे शिखर उशिरा येतं हे दाखवलं, आणि महत्त्वाचं म्हणजे नजर सुधारल्यावरही उशीर तसाच राहत होता! नर्व्हवरचं मायलिन नावाचं आवरण गेलं की सिग्नल हळू जातो, त्याचीच ही खूण. तेव्हा एमआरआय नव्हता, त्यामुळे पेशंटला स्वतःला न जाणवलेली जुनी इजा अशी पकडता येणं डॉक्टरांसाठी केवढी मोठी गोष्ट असेल.

पुढे एमआरआय आला आणि व्हीईपी मागे पडली. त्याच मॅकडोनाल्ड यांच्या नावाच्या एमएस निदानाच्या निकषांत ती २००१ ला होती, २०१० ला काढली, आणि २०२४ च्या सुधारणेत ऑप्टिक नर्व्हचा पुरावा म्हणून परत घेतली.