कानाच्या मशीनचा ‘नंबर’ : पार्श्वभूमी

खानदेशात कानाची तपासणी झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नंबर किती निघाला?’ हा शब्द चष्म्यावरून आला आणि घोळ तिथूनच सुरू झाला. डोळ्याचा जेवढा नंबर, तेवढी काच. कानाचं तसं नाही. तपासणीच्या आलेखात ऐकण्याचा ६० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) तोटा दिसतो म्हणून आवाजही ६० डेसिबलने वाढवला, तर माणूस मशीन काढून ठेवेल. नस कमजोर झाली की हळू आवाज ऐकू येत नाही, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. तोट्याच्या साधारण निम्मीच वाढ द्यावी, हा ठोकताळा १९४४ च्या सुमारास अमेरिकेत मांडला गेला. पुढची सूत्रं त्याच वाटेने गेली.

मशीन जुळवायचं कसं, हा खरा वाद दुसऱ्या महायुद्धानंतरचा. एका बाजूचं म्हणणं होतं की चार मशीनं लावून, शब्द ऐकवून, ज्याला जे मानवेल ते द्यावं. १९४७ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आलेल्या अहवालांनी उलट सांगितलं : प्रत्येकासाठी वेगळी जुळणी नको, उंच स्वरांना बेताने जास्त वाढ देणारी एकच रचना जवळपास सगळ्यांना चालेल. एकसारखी मशीनं हजारोंनी वाटायला हा निष्कर्ष फार सोयीचा होता. अभ्यासकांनी तो पुढे मागे टाकला. वाटपाच्या व्यवहारात मात्र तो टिकून राहिला.

आपल्याकडे १९८१ पासून सरकारी योजनेतून साधनं मिळू लागली. जळगाव-धुळ्याकडच्या शिबिरांतलं मशीन म्हणजे बरीच वर्षं खिशातली डबी, पेन्सिल सेल, वायर आणि आवाजाचं चाक. आता कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा विचार करा. गोंगाटाने त्याचं ऐकणं आधी ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, आसपास जातं. शब्दांतले ‘अ’, ‘आ’ ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. ‘सात’, ‘हात’, ‘भात’ सारखेच लागतात. चाक फिरवलं की जे आधीच नीट ऐकू येत होतं तेही वाढतं. चार दिवसांत डबी कोनाड्यात जाते आणि घरचे म्हणतात, म्हातारा वापरतच नाही. हा दोष त्या म्हाताऱ्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रत्येक स्वरपट्टीला वेगळी वाढ सांगणारी सूत्रं १९७६ पासून आली. १९८६, १९९९ आणि २०११ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. १९९६ पासून पूर्ण डिजिटल मशीनं बाजारात आहेत. आलेख संगणकात भरला, ‘फर्स्ट फिट’चं बटण दाबलं की जुळणी तयार. पण कंपनीचं हे पहिलं माप उंच स्वरांत बऱ्याचदा सूत्रापेक्षा कमी भरतं. ते पडताळायला कानाच्या नळीत बारीक नळी सरकवून पडद्याजवळचा आवाज मोजण्याची सोय १९८० च्या दशकापासून आहे. लहान मुलांत तर ती टाळूच नये : त्यांच्या कानाची नळी छोटी असल्याने तेवढ्याच आवाजाचा जोर तिथे जास्त होतो.

सूत्रं बोलण्याच्या सरासरी आवाजावर बेतलेली, म्हणून भाषेचाही प्रश्न निघाला होता. १९९४ मध्ये १२ भाषांतल्या बोलण्याचा सरासरी आवाज मोजला गेला. त्यात सिंहली होती, मराठी नव्हती. फरक थोडेच निघाले, म्हणून सगळीकडे एकच सरासरी वापरणं मान्य झालं.

जुळणी झाल्यावर विचारतात, ‘जिभाऊ, आते ऐकू येस का?’ समोर तोंड दिसत असतं, त्यामुळे जिभाऊ ‘हा’ म्हणतात. त्यापेक्षा त्यांच्या पाठीमागे उभं राहून एकेक शब्द म्हणायचा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचा : भात, सात, हात.