श्रमहर द्राक्षं आणि प्री-वर्कआउटचा डबा

आटपाडी-जतकडचं गजी नृत्य ढोल-कैताळावर तासन्‌तास रंगतं. गणपतीतल्या डान्स स्पर्धेत मात्र चार मिनिटांत सगळा दम ओतायचा असतो. त्यामुळे सांगलीतल्या पोरांच्या मेकअपच्या बॅगेत आता प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी जोर यावा म्हणून घ्यायच्या पावडरीचा, डबाही दिसतो. वर ‘हर्बल’ लिहिलेलं असलं की घरचेही निर्धास्त.

चरकसंहितेत ताकद आणि थकवा यांची खाती वेगळी आहेत. अश्वगंधा ‘बल्य’ गणात. ‘श्रमहर’ गणात द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ. तासगावची द्राक्षं, आटपाडीची डाळिंबं, वाळव्याचा ऊस. निम्मी यादी जिल्ह्याच्या बाजार समितीतच भरेल! अश्वगंधेवरचे आजचे प्रयोगही काही आठवड्यांच्या सेवनाचे आहेत आणि त्यात दिसलेला फायदा बेताचा. स्टेजवर चढण्याआधी अर्धा तास घेऊन तिचा काय उपयोग?

झटक्यात चढणाऱ्या औषधांचं घराणं निराळं. चीनमध्ये माहुआंग ही वनस्पती दम्या-सर्दीवर वापरात होती. तिच्यातलं इफेड्रिन हे उत्तेजक द्रव्य जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये वेगळं काढलं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराला विक्रीपूर्व मंजुरीची गरज उरली नाही आणि ही वनस्पती ‘इफेड्रा’ नावाने वजन घटवायच्या गोळ्यांत शिरली. २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा तरुण बेसबॉलपटू उष्माघाताने गेला, त्यात इफेड्राचा हात ठरला. २००४ मध्ये बंदी आली. इफेड्राही हर्बलच होती.

गंमत म्हणजे त्याच वर्षी ‘वाडा’ने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, कॅफिनला निषिद्ध यादीतून वगळलं. इफेड्राची रिकामी जागा पुढे मिथाइलहेक्सेनामाइनने घेतली. मुळात हे नाक मोकळं करायचं औषध, पण विकलं गेलं जिरेनियम या फुलझाडाच्या नावाने. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर काही भारतीय खेळाडू याच द्रव्यापायी उत्तेजक चाचणीत अडकले.

डब्यांत आज मुख्यतः कॅफिन असतं. ते थकवा घालवत नाही; मेंदूपर्यंत थकव्याचा निरोप नेणाऱ्या अॅडेनोसिनची वाट अडवतं. संशोधनातला डोस किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला १५० ते ३००. यातली वरची मात्रा घेतली तर हात थरथरतात, छाती धडधडते, आणि ढोलकीवर ठरलेला ठेका पाय आधीच टाकून मोकळे होतात.