पिट्सबर्ग लहान आणि जॅक्सनव्हिल मोठं?

अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला की घरात पहिल्यांदा शहराची लोकसंख्या शोधली जाते. २०२० च्या जनगणनेत पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग ३,०२,९७१ आणि फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल ९,४९,६११. "म्हणजे लातूरपेक्षाही लहान?" असं म्हणत पिट्सबर्गला निघालेल्या मुलाचे आईवडील काळजीत पडतात. आकडा खरा आहे, पण त्यातून शहर केवढं आहे ते कळत नाही. महापालिकेची हद्द कुठे संपते, एवढंच कळतं.

जॅक्सनव्हिलनं १९६८ मध्ये ड्युव्हाल काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) बहुतेक सगळा भाग स्वतःत सामावून घेतला. आज त्याची नुसती जमीनच १,९०० चौरस किलोमीटरच्या वर, बृहन्मुंबईच्या तिप्पट. हद्दीत खाडीकाठची खाजणं आणि पाइनची रानंही येतात. माणसं त्यात विखुरलेली.

पिट्सबर्गची जमीन जेमतेम १४३ चौरस किलोमीटर. आजूबाजूची बरीच गावं त्यात कधी विलीन झालीच नाहीत. एकट्या ॲलेगेनी काउंटीत १३० स्वतंत्र नगरपालिका आहेत. आपल्या लोकांना ठाऊक असलेलं वेंकटेश्वर मंदिर घ्या. पत्त्यावर पिट्सबर्ग लिहिलेलं, पण उभं आहे पेन हिल्समध्ये, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर. विमानतळसुद्धा बाहेरच. ही सगळी उपनगरं धरली की त्याच जनगणनेत पिट्सबर्ग महानगर २३ लाखांच्या पुढे जातं, आणि जॅक्सनव्हिलचं महानगर १६ लाखांवर थांबतं. शहर केवढं वाटेल याचा अंदाज घ्यायचा तर माझ्या मते हाच आकडा आधी बघावा.

तरीही महानगराच्या आकड्यात सगळं येत नाही, दाटी वेगळी मोजावी लागते. पिट्सबर्गच्या हद्दीत चौरस किलोमीटरमागे दोन हजारांवर माणसं राहतात, जॅक्सनव्हिलमध्ये पाचशेच्या आसपास. विमानतळावरून पिट्सबर्गला येताना बराच वेळ नुसत्या टेकड्या दिसतात. मग फोर्ट पिट बोगदा लागतो. त्यातून बाहेर पडताच गाडी थेट पुलावर येते, आणि नद्यांचा संगम, पिवळे पूल, उंच इमारती हे सगळं एकदम समोर उभं राहतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे ३ लाखांचं गाव आहे असं सांगून पटणार नाही.

पिट्सबर्गच्या ओकलंड भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गाडीवाचून चालतं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ४२ मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग या इमारतीपासून कार्नेगी मेलन विद्यापीठ पायी पंधरा-वीस मिनिटांवर. जॅक्सनव्हिलमध्ये डाउनटाउनहून समुद्रावर जायचं तरी पंचवीसेक किलोमीटर गाडी हाकावी लागते. तिथे जाणाऱ्या मुलानं गाडीचा खर्च पहिल्या महिन्यापासून हिशोबात धरावा.